मंजूच्या लग्नातलं चौथं कडवं

मंजूच्या लग्नात मंगलाष्टकांतून नलूमावशीचं नाव राहून गेलं नव्हतं. मी ते गाळलं होतं. विचार करून, चवीचवीनं गाळलं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मंजूला नाही, आईला तर नाहीच नाही. सगळे म्हणाले, घाईत राहिलं असेल पोराचं, आणि मी मान खाली घालून 'हो ना' म्हणालो. ते 'हो ना' मी गेली तीस वर्षं म्हणतो आहे.

परवा मंजूनं, माझ्या मामेबहिणीनं, फोन केला. तिच्या सईचं लग्न ठरलंय. "दादा, कार्यालय बघायला चल की. पंचवटीतलंच घेऊ म्हणते, माझं झालं तेच." गेलो. बाहेर आता पार्किंगच्या पांढऱ्या रेघा मारल्यात, दारावर प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा बारा महिने लटकतात. आत मात्र तीच लांबोडकी खोली, त्याच उंच खिडक्या, आणि गोदेकडून येणारा तोच ओलसर, शेवाळलेला, किंचित धुपासारखा वास. मंजू मॅनेजरशी ताटांचा भाव करत होती. मी बोहल्याच्या जागेपाशी उभा राहिलो. डाव्या हाताला भिंतीत एक कोनाडा आहे. पूर्वी तिथं माइकचा खांब ठेवायचे आणि खांबाशी मावशी उभी राहायची.

मागून मंजू म्हणाली, "मंगलाष्टकं तूच लिहायची हं. आणि ह्या वेळी आत्याचं नाव विसरू नकोस बाबा. मागच्या वेळी राहिलं होतं तुझं."

मॅनेजर हसला. मीही हसलो.

नलूमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न झालं नाही. ती मामाकडे राहायची, रविवार कारंज्याच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या आणि वर पत्र्याची गच्ची. मामी मंजूच्या जन्मापासून अंथरुणाला खिळलेली. त्यामुळे मंजूला न्हाऊमाखू घालण्यापासून तिच्या दहावीच्या पेपराच्या वेळी शाळेच्या फाटकाबाहेर उन्हात उभं राहण्यापर्यंत सगळं मावशीनं केलं. मंजूची ती आत्या, पण लहानपणी मंजू तिला आईच म्हणायची, आणि दर वेळी मावशी तिला उचलून मामीच्या खाटेपाशी न्यायची आणि म्हणायची, "आई ही. मी आत्या. नीट बघून घे."

मावशी मंगलाष्टकं रचायची. आता कुणाला सांगून पटणार नाही, पण तेव्हा लग्न ठरलं की पत्रिकेच्या आधी लोक मावशीकडे यायचे. सराफ बाजारातले यायचे, पंचवटीतली उपाध्येमंडळी यायची, पार नामपूरहून कांद्याचे व्यापारी यायचे. घरात चहाची भांडी कायम गॅसवर. गुळाचा वास, वेलदोड्याचा वास आणि नव्या छापलेल्या गुलाबी कागदांना येणारा तो ओल्या शाईचा वास. 

तिची एक रीत होती. नुसती नावं कागदावर आणून दिली तर ती कागद बाजूला सारायची. "नावं असू द्या. आधी गोष्ट सांगा."

"कसली गोष्ट?"

"घरातल्या मायेची. कुणाचीही असो, नवराबायकोची असली पाहिजे असं नाही. एक गोष्ट तुमच्याकडची, एक त्यांच्याकडची. मग मी कविता देते."

लोक आधी लाजायचे. मग एक जण बोलायला लागायचा, दुसरा त्याला दुरुस्त करायचा, आणि बघता बघता चहा गार व्हायचा. मी तेव्हा हायस्कुलात होतो. शाळा सुटली की दप्तर टाकून मामाकडे, मावशीच्या पाठीला पाठ लावून बसायचो आणि ऐकायचो. प्रेमाबद्दल मला जे काही कळलं ते तिथं कळलं.

नामपूरच्या घरातल्या आजोबांना ऐकू येत नसे. आजी चहा झाला की मुसळ जमिनीवर आपटायची. आजोबा ओसरीवर बसल्या जागी तळव्यांना ते समजायचं आणि ते उठायचे. आजी गेल्यावर सुनेनं चहा हातात नेऊन दिला तर ते घेईनात. शेवटी नातीनं मुसळ आपटलं. मग उठले, रडले आणि चहा प्यायले. निफाडकडच्या दोघा भावांनी द्राक्षबाग वाटून घेतली होती, बोलणं बंद, येणंजाणं बंद. पण पाण्याच्या पाळीला जो आधी उठेल तो दुसऱ्याच्याही बागेला पाणी सोडून यायचा. वर्षानुवर्षं दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही एकमेकांना त्याबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. मावशीनं ते मंगलाष्टकात घातलं. भर मांडवात दोघं भाऊ अक्षता मुठीत धरून तसेच उभे राहिले, टाकायच्या विसरले.

आणि हरसूलकडची गोष्ट. त्या घरातल्या मुलीची आई बाळंतपणात गेली होती. त्यांच्या शेतात भाताच्या लावणीला येणाऱ्या गंगूबाई नावाच्या बाईनं तिला स्वतःच्या पोराबरोबर अंगावर पाजलं होतं. मुलीच्या काकानं हे सांगितलं आणि लगेच म्हणाला, "ते आपलं तुम्हाला म्हणून सांगितलं. मंगलाष्टकात नको."

"का नको?"

"अहो, कामाला येणारी बाई. मांडवात चार लोक असतात. तिचं नाव कसं घालायचं?"

"तुम्ही लग्नात काय करणार?" मावशीनं विचारलं.

"मी? मी कन्यादान करणार."

"आणि ती?"

काकानं कप खाली ठेवला.

"हळदीला सवाष्ण लागते, ती विधवा. पाठीशी मामा लागतो, ती कुणाची मामी नाही की मावशी नाही. कान पिळायला भाऊ लागतो. तिला आख्ख्या लग्नात उभं राहायला पाटाएवढी जागा नाही. ज्याला विधीत जागा नाही त्याला मी ओळीत देते. नको असेल तर दुसरीकडून लिहून घ्या, माझा राग नाही."

लिहून घेतलं त्यांनी तिच्याकडूनच. ती ओळ मला पाठ आहे:

गंगूच्या कुशिच्या उबेत पहिली आली हिला झोपही

मांडवाच्या टोकाला, चपलांच्या ढिगापाशी, एक काळीसावळी बाई नऊवारीचा पदर तोंडात कोंबून उभी होती. मावशी माइकवरून तिच्याकडे बघून गात होती, नवरा-नवरीकडे नाही.

मला वृत्त मावशीनंच शिकवलं. पोहे निवडताना, ताटावर बोटानं ठेका धरून. मी चुकलो की ती पोह्याचा एक दाणा माझ्या कपाळावर मारायची. "'सदा' घालू नकोस," ती म्हणायची. "सदा, सुखे, बहु, मुदा. हे सगळे आळशी शब्द. कवीला माणूस सुचला नाही की तो तिथं 'सदा' कोंबतो."

सुनंदाही तिथंच आली, गाणं शिकायला. निफाडची, कॉलेजसाठी नाशकात मावसबहिणीकडे राहायची. मावशीला आवाजाची साथ हवी होती आणि सुनंदाचा आवाज उसाच्या ताज्या रसासारखा होता, गोड आणि जरा फेसाळ. हिवाळ्याच्या दुपारी गच्चीवर पत्र्याच्या उन्हात आम्ही तिघं बसायचो. सुनंदाच्या केसांना शिकेकाईचा वास. ती शेंगदाणे सोलायची आणि टरफलं माझ्या चपलांत भरायची. आम्ही एकमेकांशी सरळ काही बोललो नाही. मी दुसऱ्यांच्या लग्नासाठी ओळी लिहायचो, ती दुसऱ्यांच्या लग्नांत त्या म्हणायची, आणि म्हणताना एखाद्या शब्दावर अशी रेंगाळायची की मला कळायचं. बस्स, एवढंच. पण तेवढ्यावर दोन्ही घरांत कुजबुज झाली आणि पौषात तिचे वडील चौकशीला आले.

चौकशी म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावं लागेल. मुलगा पसंत करण्याआधी मुलीकडचे कुणातरी विश्वासाच्या माणसाकडे जायचे आणि विचारायचे, पोरगा कसा आहे. त्या माणसानं दोन बरे शब्द बोलायचे, हा रिवाज. वाईट असलं तरी आडून बोलायचं. सुनंदाचे वडील मावशीकडे आले, कारण मावशीचा शब्द म्हणजे शब्द. मी आत स्वयंपाकघरात चहा पीत होतो. मध्ये फक्त एक पडदा होता.

"लय नाव ऐकलंय ताई तुमचं," ते म्हणाले. "भाचा हाय तुमचा, मला ठावं हाय. तरी बी तुम्हीच सांगा. पोरगी द्यावी का?"

  मी तिथं हसत होतो, हे आठवतं. बशीतला चहा हिंदकळला.

"मुलगा हुशार आहे," ती म्हणाली. "व्यसन नाही, बोलायला गोड आहे. पण तो डूख धरतो."

"म्हंजी?"

"दुखावला की बोलत नाही. हसतो. आणि मनात ठेवतो. लहानपणी संक्रांतीला मंजूनं ह्याचा पतंग फाडला, तेव्हा हा हसला. दिवाळीत मंजूनं बाहुलीचं लग्न मांडलं, आख्खी गल्ली जेवायला बोलावली, आणि ऐनवेळी बाहुला गायब. ह्यानं गोदेत नेऊन टाकला होता. मी बघितलं. संक्रांतीपासून दिवाळीपर्यंत त्यानं वाट बघितली होती."

ते हसले. "पोरं करत्यात तसं."

"पोरपणी करतात. ह्याचं अजून गेलेलं नाही. मी ह्याला अंगाखांद्यावर वाढवलंय, माझा जीव आहे त्याच्यावर. पण तुमची सुनंदाही मला लेकीसारखी आहे. भांडणारा नवरा परवडतो. गप्प बसून हिशेब ठेवणारा नाही परवडत. हे धरून द्यायची तर द्या."

त्यांनी दिली नाही. पुढच्या आठवड्यात सुनंदा कॉलेज सोडून निफाडला गेली. मावशीकडे येणं बंद झालं. गच्चीवर शेंगांची टरफलं काही दिवस तशीच वाऱ्यानं फिरत होती.

आता खरं ते सांगतो. मला दुःख झालं असं मी सगळ्यांना भासवलं. दुःख थोडं होतं. जास्त होता तो राग. आणि तो राग मला आवडत होता. कैरीच्या फोडी मुरायला ठेवाव्यात तसा मी तो ठेवला. अधूनमधून बरणी हलवून पाहायचो. मावशीकडे जाणं मी थांबवलं नाही. उलट जास्त जायला लागलो. तिला बाजारातून भाजी आणून द्यायचो, सायकलवरून दवाखान्यात न्यायचो. ती माझ्याकडे बघायची आणि मी हसायचो.

इकडे नकाराचं कारण कानावर येताच आईनं मावशीशी बोलणं तोडलं. भर हळदीकुंकवात सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "स्वतःचं झालं नाही म्हणून दुसऱ्याचं मोडायचं! माझा पोरगा डूख धरतो म्हणे. देवमाणूस आहे तो. ज्या मावशीनं त्याचं वाटोळं केलं तिचीच भाजी आणून देतो, बघा!" बायका बघत होत्या. मावशी हातातलं तीळगुळाचं ताट घेऊन तशीच उभी होती. मी दारात होतो. आईच्या त्या बोलण्यानं माझ्या अंगावरून मोरपीस फिरलं.

वैशाखात मंजूचं लग्न निघालं. मामा म्हणाला, मंगलाष्टकं अर्थातच नलूची. मावशी म्हणाली, "घरच्या मुलीची मी लिहीत नाही."

"का गं?"

"स्वतःचं नाव स्वतः घालू का? आणि नाही घातलं तर मंजू रडेल." ती माझ्याकडे वळली. "हा लिहील. मी म्हणेन."

त्या क्षणी मला कळलं, बरणी उघडायची वेळ आली.

मंजूच्या लग्नात मावशीला काय काम होतं? काहीच नाही. कन्यादान मामा-मामी करणार. मामी खाटेवरून उचलून आणली होती, तरी तीच करणार. हळद सवाष्णी लावणार. पाठीशी मंजूचा मामा. करवली म्हणून चुलत बहीण. जिनं मंजूला वाढवलं तिनं कुठं उभं राहायचं? तिनं स्वतःच दुसऱ्यांसाठी पाडलेला रिवाज होता. तिला जागा मिळणार होती ती फक्त एका ओळीत. आणि ती ओळ माझ्या हातात होती.

मी लिहायला बसलो तेव्हा चौथं कडवं हातातून आपोआप उतरलं. हातानं माझं ऐकलं नाही. 'आजोबा, जननी, पिता, सकल हे, आत्या नलू, आशिषा', आणि पुढच्या ओळीत 'देती' वगैरे. नाव असं चपखल बसलं होतं की जणू वृत्त तिच्यासाठीच बांधलं असावं. मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसलो. मग चार अक्षरं खोडली आणि लिहिलं:

आजोबा, जननी, पिता, सकल हे देती सदा आशिषा

'सदा' मी मुद्दाम घातलं. तिला कळावं म्हणून. दुसरं कुणी ओळखणार नव्हतं. ती ओळखणार होती. बाकी कुणाला सोडलं नाही मी. शेजारचे काका घातले, मंजूची शाळेतली मैत्रीण घातली, गल्लीच्या तोंडाशी बसणारा फुलवाला घातला. त्याच्या मोगऱ्यावर एक आख्खी ओळ आहे, चांगली उतरली आहे. मामीच्या खाटेवर, मामाच्या थकलेल्या खांद्यांवर ओळी आहेत. प्रेमाच्या जितक्या तऱ्हा मावशीनं मला शिकवल्या, तितक्या सगळ्या मी त्या मंगलाष्टकांत ओतल्या, आणि तिला तेवढी बाहेर ठेवली. माझ्या हातून त्याहून सरस काव्य कधी झालं नाही, हे सांगताना लाज वाटते. पण ते खरं आहे.

कागद मुद्दाम लग्नाच्या सकाळी छापखान्यातून आणले. तिनं आधी मागितलेही नव्हते. "तू लिहिलंस ना? मग मी बघून काय करू?"

मुहूर्त दुपारचा. कार्यालयात घामाचा, मोगऱ्याचा आणि मठ्ठ्यातल्या आल्याचा वास कोंदलेला. अंतरपाट धरला. मावशीनं ठेवणीतली जांभळी इरकल नेसली होती, डोळ्यांवर चष्मा. कोनाड्यापाशी, माइकच्या खांबाशी. मी समोर खिडकीला टेकून उभा राहिलो, जिथून तिचा चेहरा नीट दिसेल.

पहिलं कडवं गणपतीचं. दुसरं नवरदेवाकडचं. तिसऱ्यात मामी आली, आणि मावशीचा आवाज असा मऊ झाला की बायका डोळे पुसायला लागल्या. ती खूश होती माझ्यावर. गाताना तिनं एकदा चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंसुद्धा, पोह्याचा दाणा न मारता सोडून द्यावा तसं.

मग चौथं. 'सकल हे'पर्यंत ती आली, तिथं यती, श्वास घ्यायची जागा. तिनं श्वास घेतला. पुढे 'देती सदा' होतं. तिचा आवाज थांबला नाही, फाटला नाही. फक्त 'सदा'वर एक मात्रा जास्त थांबला, जिन्यात अंधारात पायरी असेल म्हणून पाऊल टाकावं आणि नसावी तसा. मग ती पुढे गेली. पाचवं गायली, फुलवाल्याची ओळ गायली, सगळं गायली. सगळ्यांनी 'शुभमंगल सावधान'चा गजर केला, वाजंत्री सुरू झाली, अक्षतांचा पाऊस पडला. त्या गलक्यात मावशीनं हातातला गुलाबी कागद उलटा करून पाहिला.

मागची बाजू कोरी होती. ती तिनं वरपासून खालपर्यंत पाहिली.

आणि मला काय वाटलं? तेही सांगतो, आता कशाला लपवू. मला गार वाटलं. उन्हातून आल्यावर माठाचं पाणी प्यावं तसं, घशापासून पोटापर्यंत. सुनंदा गेल्यापासून इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी पंगतीत वाढायला उभा राहिलो आणि मावशीच्या पानात स्वतःच्या हातानं जिलबी वाढली, आग्रह करून.

"पुरे," ती म्हणाली.

"आणखी एक घे ना."

"पुरे म्हटलं ना. तुझं वाढून झालंय."

त्यानंतर मावशीनं कुणाच्याही लग्नात तोंड उघडलं नाही. लोक आले, तिनं परत पाठवले. घसा गेला म्हणायची. घसा ठणठणीत होता. हळूहळू गल्लीतल्या लग्नांत कॅसेट लागायला लागली. कुणाच्याही लग्नाला तीच, त्यात ना कुणाचं मुसळ, ना कुणाची गंगू. नाशकातल्या कितीतरी घरांतल्या गोष्टी त्यानंतर सांगायच्या राहून गेल्या, कारण विचारणारं कुणी उरलं नाही. बदला मला एका बाईवर घ्यायचा होता. तो सांडत सांडत कुठवर गेला, ह्याचा अंदाज मला नव्हता.

माझं पुढे लग्न झालं, नोकरी झाली, मुलं झाली. बायको मैत्रिणींना सांगते, "ह्यांना राग म्हणून येत नाही." मी हसतो. ऑफिसात माझ्यावर कुरघोडी करणाऱ्या एका माणसाची बदली कशी झाली, हे तिला माहीत नाही.

आई जायच्या आधी मावशी दवाखान्यात आली होती. रिक्षानं, एकटी. पायाशी बसली, आईचे तळवे चोळत. आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाली, "माझ्या पोराबद्दल खोटं बोलली तू."  मावशीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी सलाइनच्या बाटलीकडे बघत होतो. एक वाक्य पुरलं असतं. दोघी बहिणी होत्या. आई थोड्याच दिवसांची सोबती होती. मी ते वाक्य बोललो नाही. तोवर मला गार वगैरे वाटेनासं झालं होतं. मी नुसता भ्यालेला होतो. देवमाणसाला भीती फार असते.

कार्यालय बघून झाल्यावर मंजू मला घरी घेऊन गेली, गंगापूर रोडला. मावशी आता तिच्याकडेच असते. बाल्कनीत बसून मेथी निवडत होती. हात थरथरतात, पण काडी न् काडी वेगळी. मंजू चहा टाकायला आत गेली.

"सईची मंगलाष्टकं मी लिहितोय," मी म्हणालो.

"कळलं."

"तुझं नाव घालतो ह्या वेळी." "मागच्या वेळी मी..."

"मागच्या वेळी तू गाळलंस," ती मेथीकडे बघत म्हणाली. "विसरला नव्हतास. माझ्या हाताखाली शिकलेला माणूस 'सदा' विसरून घालत नाही."

मी मेथीची एक काडी उचलली.

"आणि त्या दिवशी तू आत होतास, पडद्यामागं. ते मला ठाऊक होतं. म्हणून बोलले. पाठीमागून बोलले असते तर चहाडी झाली असती. तुझ्या तोंडावर बोलले, म्हटलं पोरगा बाहेर येईल, भांडेल, मावशी खोटं बोलतेस म्हणेल. मग मी त्यांना म्हणाले असते, बघा, भांडतो, द्या मुलगी." तिनं एक जून काडी मोडून बाजूला टाकली. "तू बशी विसळलीस आणि मागच्या दारानं गेलास."

आत मंजू कपांचा आवाज करत होती. खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"मावशी, मी नाव घालतो. मोठं घालतो. आख्खं कडवं देतो तुला."

"घालू नकोस."

"अगं पण..."

"नाही घालायचं. घातलंस की तू मोकळा होशील. गोड गळ्यानं गातील, लोक टाळ्या वाजवतील, तू डोळे पुसशील आणि घरी जाऊन जेवशील. मला नाही तुला मोकळं करायचं." पहिल्यांदा तिनं वर बघितलं. डोळे म्हातारे झालेत, पण नजर तीच. "डूख काय तुलाच धरता येतो?"

आणि ती हसली. अगदी माझ्यासारखी. मला तेव्हा उमगलं, हे हसू आमच्या घराण्यातलंच आहे. तिला ते माझ्यात ओळखता आलं, कारण ते तिच्याकडेही होतं. तिनं ते वापरायचं नाही असं ठरवलं होतं, एवढाच काय तो फरक.

मंजू चहा घेऊन आली. "काय ठरलं मग? आत्याचं नाव कितव्या कडव्यात?"

"ते त्याला विचार," मावशी म्हणाली. "त्याला सांगायचंय तुला काहीतरी."

मंजू ट्रे हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "चहात साखर कमी आहे का गं?" मावशीनं पुन्हा मेथीची जुडी ओढली.

घरी येऊन हे लिहायला बसलो. कविता लिहून सुटता येणार नाही, तो दरवाजा तिनं लावला. तोंडानं बोलायचं राहिलं आहे, आणि लग्न पुढच्या महिन्यात आहे. तेव्हा माझ्याकडे काय थकलंय ते मांडून ठेवतो. सुनंदाच्या वडिलांना मावशीनं माझ्याबद्दल जे सांगितलं, ते खरं होतं. माझ्या आईनं तिला खोटारडी म्हटलं, ते खोटं होतं, आणि मला ते ठाऊक होतं. मंजूच्या लग्नात तिचं नाव मी गाळलं. ही तीन वाक्यं मी मंजूसमोर, मामासमोर, त्या हळदीकुंकवातल्या ज्या बायका अजून हयात आहेत त्यांच्यासमोर आणि मावशीच्या देखत, माझ्या तोंडानं बोलायचं देणं लागतो. अजून मी ती बोललेलो नाही.